दिलेला बिल्ला परत कोण घेणार?

दहावीचा निकाल संगणकावर किंवा फोनवर पाहिला नाही असा विद्यार्थी आता महाराष्ट्रात शोधूनच काढावा लागेल. पुण्यात शिवाजीनगरला मुख्यालय असलेले आपले माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ निकालाची वेळ जाहीर करते, आणि त्या मिनिटाला लाखो मुले, त्यांचे आईवडील, मामा, मावश्या असे सगळे एकदमच त्या पानावर तुटून पडतात. बैठक क्रमांक लिहायचा, आईचे नाव लिहायचे, की गुण समोर हजर. १६ जुलै २०२१ ला तर इतकी झुंबड उडाली, की निकालाची संकेतस्थळे काही तास बंदच पडली होती.

निकालामागोमाग येतो अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हा अर्ज कित्येक वर्षे संगणकावरूनच भरला जात होता. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून ही पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. वरवर पाहता निकाल पाहणे आणि अर्ज भरणे ही कामे सारखीच. दोन्ही ठिकाणी आपण काहीतरी टाइप करतो आणि समोर पान उमटते. पण पलीकडच्या संगणकाच्या दृष्टीने या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ते अंतर काय, आणि त्यातून आपल्यावर कोणती जबाबदारी येते, हे मला आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

पलीकडच्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, निकाल देताना तुम्हाला ओळखायची गरजच नसते. क्रमांक आला, पान दिले, विषय संपला. पुढच्या क्षणी तुम्ही कोण होतात हे तो विसरून गेलेला असतो. हे विसरणे म्हणजे दोष आहे असे समजू नका. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ ते १९९१ या काळात वेबची घडण केली, तेव्हा शास्त्रज्ञांनी एकमेकांचे निबंध वाचावेत एवढाच हेतू होता. निबंध मागणाऱ्याला लक्षात कशाला ठेवायचे? प्रत्येक मागणी स्वतंत्र, मागचीपुढची ओळख नाही, असा साधा नियम ठरला. याच साधेपणामुळे एक सर्व्हर हजारो लोकांना झटपट पाने देऊ शकतो.

अर्जाचे तसे नाही. पहिल्या भागात नाव, पत्ता, गुण. दुसऱ्या भागात महाविद्यालयांची यादी, तीही पसंतीच्या क्रमाने. पहिल्या पानावर तुम्ही गुप्त शब्द देऊन आत आलात. आता दुसरे पान मागितलेत, तर विसराळू सर्व्हर विचारणार, “आपण कोण?” प्रत्येक पानाला पुन्हा नाव, पुन्हा गुप्त शब्द द्यायचा म्हटले तर अर्ज भरून होईपर्यंत अकरावीचे वर्ष संपायचे!

या अडचणीवरचा उपाय पुणेकरांना फार पूर्वीपासून माहीत होता. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या काळी नाट्यगृह म्हणा, चित्रपटगृह म्हणा, बाहेर सायकल-स्टँड असायचाच. स्टँडवाल्याजवळ पत्र्याच्या बिल्ल्यांच्या जोड्या असत. एक बिल्ला तो सायकलच्या हँडलला अडकवी आणि जोडीतला दुसरा तुमच्या हातात देई. दोहोंवर आकडा एकच. खेळ सुटल्यावर दोनशे माणसे एकदम बाहेर आली, तरी स्टँडवाल्याला कोणाचा चेहरा आठवावा लागत नसे. बिल्ला दाखवा, सायकल न्या. तुमच्या घरी आजोबा असतील तर त्यांना विचारा. बिल्ला हरवल्यावर घातलेल्या हुज्जतीची एखादी गोष्ट ते नक्की सांगतील.

नेमकी हीच युक्ती १९९४ साली नेटस्केप या अमेरिकन कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रॅमरने वेबसाठी योजली. सर्व्हरने पान देताना त्याबरोबर एक छोटी चिठ्ठी द्यायची. ब्राउझरने ती जपून ठेवायची. आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना न विसरता ती दाखवायची. या चिठ्ठीला त्याने ‘कुकी’ असे नाव दिले. बिस्किटाचा येथे काही संबंध नाही. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला द्यायची आणि त्याने न बदलता तशीच परत करायची अशी जी खूण, तिला युनिक्स वापरणारी मंडळी आधीपासूनच ‘मॅजिक कुकी’ म्हणत. तेच नाव येथे आले. माँटुलीने आणखी एक शहाणपण केले. साऱ्या जगात चालेल असा एकच क्रमांक ब्राउझरला न देता प्रत्येक संकेतस्थळाचा बिल्ला वेगळा ठेवला. माणसाचा माग सगळीकडे काढता येऊ नये, हा त्यामागचा विचार होता. पुढे जाहिरातवाल्यांनी निरनिराळ्या संकेतस्थळांच्या पानांत स्वतःची चित्रे घुसवून, त्या चित्रांबरोबर स्वतःच्या कुकीज पाठवून या विचारावर पाणी फिरवले, ती गोष्ट वेगळी. आणि ती मोठी आहे.

आता ही चिठ्ठी ठेवली कशी जाते ते पाहू. तुमच्यापैकी जे पीएचपी किंवा तशाच एखाद्या भाषेत सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम लिहू लागले आहेत, त्यांना हे लगेच कळेल. इतरांनी नुसते वाचत जावे. सर्व्हर पान पाठवतो त्याआधी काही ओळी पाठवतो. पाकिटावर पत्ता असावा तशा. त्यांतच ‘सेट-कुकी’ अशी एक ओळ घालायची. तीत कुकीचे नाव आणि किंमत असते. शिवाय ती कोणत्या संकेतस्थळासाठी, त्या स्थळाच्या कोणत्या भागासाठी आणि केव्हापर्यंत, हेही लिहिता येते. पीएचपीत हे सगळे ‘सेटकुकी’ नावाच्या एका आज्ञेत होते. मात्र ही आज्ञा पानातले पहिले अक्षर जाण्यापूर्वी द्यायला हवी. फाइलच्या सुरुवातीला चुकून एक मोकळी जागा राहिली आणि ती आधी निघून गेली, तरी काम बिघडते. पाकीट चिकटवल्यावर त्यावर पत्ता लिहायला जावे तसे होते ते.

नवशिक्यांना चकवणारी आणखी एक गोष्ट आहे. कुकी ठेवल्याबरोबर त्याच पानात ती वाचायला गेलात तर सापडत नाही. साहजिकच आहे. बिल्ला आत्ताच तर दिला. गिऱ्हाईक पुढच्या खेपेला येईल तेव्हाच तो दाखवणार ना!

आणि तो दाखवतो तेव्हा काय दाखवतो? फक्त नाव आणि किंमत. मुदत केव्हाची, कोणत्या भागासाठी दिला होता, यातले काहीही ब्राउझर परत सांगत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच निघतो.

ठेवण्यासाठी ‘सेट-कुकी’ आहे, तर पुसण्यासाठी ‘डिलीट-कुकी’ असेलच, असे तुम्ही म्हणाल. नाही! एखादी कुकी पुसण्याची सूचना मुळातच नाही. १९९४ सालीही नव्हती आणि आजही नाही. (एका संकेतस्थळाच्या साऱ्याच कुकीज एकदम झाडून टाकणारी एक सूचना अलीकडे निघाली आहे. पण एक नोंद खोडण्यासाठी अख्खी वही जाळण्यातला तो प्रकार.) मग पुसायचे कसे? त्याच नावाची कुकी पुन्हा द्यायची आणि मुदत मात्र होऊन गेलेल्या काळातली लिहायची. ब्राउझर पाहतो, ‘अरे, ही तर केव्हाच शिळी झाली,’ आणि टाकून देतो. पीएचपीत रिकामी किंमत दिली तर ती भाषा स्वतःच १ जानेवारी १९७० ही तारीख घालते. ही तारीख का, तर कित्येक संगणक काळ मोजतात तो त्या दिवशीच्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून, सेकंदांत. त्यांच्या दृष्टीने तो काळाचा शून्य दगड आहे.

युक्ती छान आहे, पण तिला एक अट आहे. नाव, संकेतस्थळ आणि भाग (ज्याला ‘पाथ’ म्हणतात) हे तिन्ही ठेवतानाचे होते तसेच्या तसे हवेत. ब्राउझरच्या कपाटात प्रत्येक भागासाठी वेगळा कप्पा आहे असे समजा. ‘अर्ज’ या कप्प्यात ठेवलेली चिठ्ठी ‘मुखपृष्ठ’ कप्प्यात हुकूम पाठवून निघत नाही. पीएचपीत भाग लिहिलाच नाही, तर जे पान चालू आहे त्याचाच फोल्डर धरला जातो. आता एखाद्या प्रोग्रॅमरने लॉग-इनचे पान एका फोल्डरात ठेवले, लॉग-आउटचे दुसऱ्यात, आणि दोन्हीकडे भाग लिहायचा कंटाळा केला. लॉग-आउटचा हुकूम सुटतो, भलत्याच कप्प्यात जातो, तेथे काही सापडत नाही, आणि ब्राउझर मुकाट्याने गप्प बसतो. चूक झाली असे कोणालाही कळत नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘आपण यशस्वीरीत्या बाहेर पडला आहात’ असे उमटते. चिठ्ठी जागच्या जागी! आणि आपण मघाशी पाहिलेच, की ती कोणत्या कप्प्यातली हे ब्राउझर सर्व्हरला कधी सांगत नाही. म्हणजे ठेवताना काय लिहिले होते हे ठेवणाऱ्यानेच लक्षात ठेवले तर ठेवले. दुसरा कोणी आठवण करून देणार नाही.

घड्याळाचीही एक गंमत आहे. मुदत संपली की नाही हे ठरवतो ब्राउझर, तोही ज्या संगणकावर चालतो त्याच्या घड्याळावरून. शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना संगणक आठवा. आतले लहान सेल संपलेले असते, आणि सुरू केला की तो आपला २००२ साल दाखवतो. त्याला सर्व्हरने सांगितले, ‘ही चिठ्ठी आजच्या तारखेला, तासापूर्वीच शिळी झाली,’ तर तो म्हणणार, ‘छे, अजून वीसबावीस वर्षे आहेत.’ काही ब्राउझर ही तफावत सांभाळून घेतात, पण त्यावर विसंबणे बरे नव्हे. म्हणून तारखेऐवजी ‘आतापासून इतके सेकंद’ असे सांगण्याची सोय पुढे झाली; तिला मॅक्स-एज म्हणतात. तेथे शून्य लिहिले की घड्याळ कसेही असो, चिठ्ठी जाते.

येथवर हातातल्या बिल्ल्याचे झाले. पण स्टँडवाल्याकडे जोडीचा दुसरा बिल्ला असतो, त्याचे काय? सर्व्हरवरही तशी नोंद असते, ‘अमुक क्रमांकाचा बिल्ला अमुक विद्यार्थ्याचा’. तिला सत्राची नोंद म्हणू. तुम्ही लॉग-आउट केले म्हणजे हातातला बिल्लाही जायला हवा आणि ही नोंदही खोडली जायला हवी. पीएचपीत सत्र मोडण्याची जी आज्ञा आहे ती नोंद खोडते, पण ब्राउझरमधली कुकी तशीच राहते. ती वेगळी पुसावी लागते. याच्या उलट काही ठिकाणी कुकी पुसतात आणि नोंद तशीच ठेवतात. दोन्हींत वाईट कोणते? माझ्या मते दुसरे. नोंद खोडली असेल तर हातात राहिलेला बिल्ला म्हणजे नुसता पत्रा. पण नोंद जिवंत असेल, तर त्या बिल्ल्याची नक्कल ज्याच्याजवळ असेल त्याच्यासाठी दार उघडेच आहे.

नक्कल कोण कशाला करील, असे वाटते? ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रॅमरने ‘फायरशीप’ नावाचे एक छोटेसे साधन फायरफॉक्स ब्राउझरसाठी तयार करून सर्वांना खुले केले. एखाद्या उपाहारगृहातल्या खुल्या वायफायवर बसलेल्या लोकांच्या फेसबुक, ट्विटर यांच्या कुकीज ते हवेतल्या हवेत टिपून दाखवी. गुप्त शब्द कोणाचाच कळत नसे. कळण्याची गरजही नव्हती. बिल्ला मिळाला की सायकल मिळाली. लोक हादरावेत हाच बटलरचा हेतू होता, आणि ते हादरले. मोठमोठ्या संकेतस्थळांनी त्यानंतर सारीच देवाणघेवाण सांकेतिक स्वरूपात करण्याची घाई केली. हवेतून टिपणे त्यामुळे अवघड झाले. पण एकच संगणक दहा जणांनी वापरायचा असेल तर टिपायचीही गरज नसते. बिल्ला तेथेच टेबलावर पडलेला असतो.

आणि असे संगणक कोणाच्या वाट्याला येतात? ज्याच्या घरी संगणक आहे तो आपल्या खोलीत बसून अर्ज भरतो. ज्याच्या घरी नाही, तो शाळेच्या प्रयोगशाळेत, नातेवाइकाकडे किंवा गल्लीतल्या सायबर कॅफेत भरतो. मागे रांग असते. कॅफेवाला “आटपा, आटपा” म्हणत असतो. मुलगी ‘लॉग-आउट’ दाबते, पडद्यावरचा संदेश वाचते आणि उठते. तिने तिचे काम चोख केलेले आहे. समजा, त्या संकेतस्थळाच्या प्रोग्रॅमरने पाथ लिहायचा आळस केला आहे. तिच्या जागी येऊन बसणारा कोणी तिच्या पसंतीक्रमातले पहिले महाविद्यालय शेवटी आणि शेवटचे पहिले असे सहज गंमत म्हणून करू शकतो. दोन वर्षे कुठे शिकायचे हा प्रश्न असा दोन सेकंदांत निकालात निघतो. अमुक एका संकेतस्थळावर असे घडते असे मी म्हणत नाही. घडू शकते, आणि घडले तर ते त्या मुलीला कधी कळणारही नाही, एवढेच म्हणतो.

यावर एक सल्ला हमखास ऐकू येतो. ‘ज्याने त्याने आपल्या कुकीज पुसाव्यात. सेटिंगमध्ये जा, इतिहास साफ करा, किंवा खाजगी खिडकी उघडून काम करा.’ सल्ला चुकीचा नाही, आणि सार्वजनिक संगणकावर बसाल तेव्हा तो जरूर पाळा. पण जबाबदारी कोणाची हा प्रश्न आला की मला तो पटत नाही. स्टँडवाल्याने बिल्ला परत घेतला नाही आणि सायकल चोरीला गेल्यावर म्हणाला, ‘तुम्हीच तो वितळवून टाकायचा होता,’ तर आपण ऐकून घेऊ काय? बिल्ला त्याने पाडला, आकडा त्याने घातला, कोणत्या खुंटीचा हे त्यालाच ठाऊक. परत घेण्याचे कामही त्याचेच. कुकीवर तुम्ही सही केलेली नसते. बऱ्याचदा ती ठेवली हेही तुम्हाला माहीत नसते. जी वस्तू माझ्या नकळत माझ्या घरात ठेवली, ती शोधून बाहेर फेकण्याचे काम माझे कसे?

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. मुदत थोडी ठेवली की झाले, अर्ध्या तासाने चिठ्ठी आपोआप मरेल, एवढा खटाटोप कशाला? मुदत थोडी ठेवावी हे खरेच. पण अर्धा तास हा सायबर कॅफेत मोठा काळ आहे. शिवाय कित्येक कुकीज मुदत न लिहिताच देतात. त्या ब्राउझर बंद केला की जातात असे आपण पुस्तकात वाचतो. आता ब्राउझरना ‘जेथे सोडले तेथून पुन्हा सुरू करा’ अशी सवय लावता येते, आणि ती लावली असेल तर या मरायला हव्यात अशा कुकीजही दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून बसतात. उलट टोकाला वर्षानुवर्षांची मुदत लिहिणारे महाभागही आहेत. क्रोम ब्राउझरने २०२२ पासून मुदतीची कमाल मर्यादा ४०० दिवस केली, ती काही उगाच नव्हे.

सर्व्हरवर नोंद न ठेवता सगळा मजकूर सहीशिक्क्यानिशी कुकीतच भरून देण्याची एक पद्धत अलीकडे लोकप्रिय आहे. सर्व्हरचा भार हलका होतो, हे मान्य. परंतु खोडायला नोंदच नाही म्हटल्यावर दिलेली चिठ्ठी मुदत संपेपर्यंत रद्द करणे कठीण होऊन बसते. बातम्यांच्या पानाला ही पद्धत चालेल. प्रवेशअर्ज, बँक, दवाखाना अशा ठिकाणी मला ती धोक्याची वाटते.

कायद्याचा कलही हळूहळू याच बाजूला होतो आहे. युरोपने २००९ साली नियम बदलून कुकी ठेवण्यापूर्वी संमती घेणे आवश्यक केले. त्यातून त्या ‘आम्ही कुकीज वापरतो’ छापाच्या पाट्या जन्मल्या, ज्या न वाचता आपण सारेच ‘होय’ दाबतो. ठेवू का असे दहादा विचारतात. काढून टाकू का असे कोणी विचारत नाही! भारताच्या संसदेने २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यायच्या आहेत. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. संमती मागे घेणे हे संमती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले, की ती पुसली पाहिजे. आणि अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणे, त्यांना हेरून जाहिराती दाखवणे याला, काही अपवाद सोडता, मनाई आहे. म्हणजे तुम्हालाच! पण कायद्याने पुसा म्हटले, तरी शेवटी पुसते ती कोणीतरी लिहिलेली प्रोग्रॅमची एक ओळ. ती ओळ लिहिणाऱ्याला पाथ म्हणजे काय हेच माहीत नसेल, तर कायदा काय करणार?

म्हणून माझे गाऱ्हाणे आहे ते आपल्या शिकवण्याविषयी. कुकीवरचा कोणताही धडा उघडून पाहा. कुकी ठेवावी कशी हे पहिल्या पानावर, चित्रासकट. पुसावी कशी हे शेवटी दोन ओळींत, वेळ उरला तर. विद्यार्थीही तसेच शिकतो. त्याचे लॉग-इन चालले की तो खूश होऊन मित्रांना दाखवतो. लॉग-आउट खरेच चालते का, हे कोणी तपासत नाही. पुण्यात आज हजारो तरुण प्रोग्रॅम लिहून पोट भरतात. तुमच्यापैकी कितीतरी उद्या त्यांत असतील, आणि त्यांतल्या एखाद्याच्या हाती कदाचित हाच प्रवेशअर्ज येईल. शिक्षकांना माझी विनंती आहे, की त्यांनी क्रम उलटा करून पाहावा. आधी पुसायला शिकवावे. पुसण्याचा हुकूम लिहायला बसले, की नाव काय, भाग कोणता, मुदत किती, नोंद कुठे हे चारही प्रश्न आपोआप पुढे येतात, आणि मग ठेवण्याचा हुकूमही नीट लिहिला जातो.

यासाठी महागडे काही लागत नाही. पीएचपी ज्यावर बसवले आहे असा एक संगणक पुरे. इंटरनेटही नको, कारण त्या भाषेत सरावापुरता छोटा सर्व्हर अंगचाच आहे. तीन पाने लिहा. पहिले ‘बिल्ला’ नावाची कुकी ठेवते, दुसरे ती वाचून दाखवते, तिसरे पुसते. पहिले दोन एका फोल्डरात ठेवा, तिसरे दुसऱ्यात, आणि पाथ मुद्दाम लिहू नका. पुसा, आणि पुन्हा वाचायला जा. बिल्ला जिवंत दिसेल. आता तिन्ही ठिकाणी एकच पाथ लिहा, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन जुन्या चिठ्ठ्या हाताने काढून टाका आणि तीच कसरत पुन्हा करा.

दुसरा प्रयोग सत्राचा. पीएचपीचे सत्र सुरू करून त्यात स्वतःचे नाव साठवा. ब्राउझरमधल्या विकासकांच्या साधनांत सत्राच्या कुकीची किंमत दिसते, ती कागदावर उतरवून घ्या. मग फक्त कुकी पुसणारे लॉग-आउट लिहून ते चालवा. उतरवलेली किंमत त्याच साधनांतून पुन्हा भरा आणि पान मागा. नाव पुन्हा हजर! आता लॉग-आउटमध्ये सत्र मोडण्याची आज्ञाही घाला आणि तोच कागद वापरून आत शिरता येते का पाहा. हा प्रयोग स्वतः लिहिलेल्या पानांवरच करायचा. दुसऱ्याच्या खात्यावर केलात तर त्याला प्रयोग म्हणत नाहीत, आणि २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तो गुन्हा ठरू शकतो.

तिसरा प्रयोग घड्याळाचा. पुसणाऱ्या पानात मुदत म्हणून १ जानेवारी २०२० ही तारीख ठरवून लिहा, आणि किंमत मात्र रिकामी सोडू नका. चालवून पाहा; कुकी जाईल. मग संगणकाचे घड्याळ २०१९ वर न्या, कुकी पुन्हा ठेवा, पुन्हा पुसा आणि काय होते ते वहीत टिपून ठेवा. प्रयोग झाला की घड्याळ बरोबर लावायला विसरू नका. नाहीतर तुमच्या मागून बसणाऱ्याला भलतीच कोडी पडतील.